फुरशाचा उतारा

धडगावच्या पलीकडे, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरात आम्ही गेलो ते फुरशी पकडायला. जिवंत, आणि मिळतील तेवढी!

फुरसं म्हणजे जेमतेम हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप. कोरड्या, उजाड मुलखात राहणारा. त्याला पाहून कुणाला भीतीही वाटणार नाही. पण त्याच्या विषाचा एक थेंब अंगात गेला, की माणसाचं रक्त गोठायचं विसरतं. मग ते हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागेतून, मिळेल त्या वाटेने झिरपत राहतं.

मोहीम हेमांगीची होती. प्रकाशा गावाजवळच्या गुजर शेतकऱ्याची ही मुलगी दूरच्या शहरातल्या एका संस्थेत सापांच्या विषावर संशोधन करते. तिचा संशय साधा होता. सर्पदंशावरची आपली लस ज्या सापांच्या विषापासून बनते, ते साप पार दक्षिणेतले. इथल्या फुरशाचं विष वेगळं असेल, तर ती लस इथे पुरी पडणार कशी?

मी अतिका, नंदुरबारची डॉक्टर. मला संशय नव्हता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शहाद्याकडच्या एका तरुण बाईला मी बाटलीमागून बाटली देत गेले आणि तिचं रक्त पाण्यासारखं वाहतच राहिलं. ती गेली. त्यावर वरून उत्तर आलं, "पेशंट उशिरा आणला असेल." उशिरा! ती पायावर चालत आली होती माझ्यासमोर! म्हणून हेमांगीने विचारताच मी सुट्टी टाकून निघाले.

तिसरा आमचा दिलवरसिंग. धडगावहून जीप चालवणारा, याच डोंगरातला पावरा. खिंडीत रस्ता संपला तिथे त्याने जीप उभी केली आणि सामान डोक्यावर घेऊन तो आमच्यापुढे उतरू लागला. संस्थेची अट एकच होती: लसीच्या दहा बाटल्या सोबत ठेवायच्या, त्या फक्त आमच्यासाठी. त्या संपल्या तर मोहीम तिथेच बंद.

दुसऱ्या सकाळी आम्ही उतारावर होतो. ऊन अजून तापलं नव्हतं. खाली धरणाचं पाणी शिशासारखं पसरलेलं, समोर पानं झडलेले साग, आणि पायाखाली सुटे, धारदार दगड. हेमांगीने साप धरायच्या लोखंडी आकड्याने एक चपटा दगड उलटला.

खर्रर्र!

लाकडावर करवत घासावी तसा आवाज. वेटोळ्यावर वेटोळं घासत ते फुरसं फुगलं होतं. मी मागे सरले. हेमांगी सरली नाही. आकडा पुढे गेला. सापाने झेप घेतली! दात आकड्याच्या लोखंडावर आपटल्याचं मला ऐकू आलं. पुढच्याच क्षणी ते बरणीत होतं आणि हेमांगी झाकण फिरवत होती.

"बघ केवढं आहे! तळकोकणातलं याच्या निम्मं असतं. हे वाळवंटातल्या फुरशांच्या भावकीतलं दिसतंय."

दुपारपर्यंत चार मिळाली. दिलवरसिंग लांब उभा राहून सगळं बघत होता. त्याचा चेहरा काही ठीक दिसत नव्हता.

"ताई, रागावू नका," तो शेवटी म्हणाला. "या सापांना न्यायला तुम्हाला परवानगी मिळाली, बरण्या मिळाल्या, पाठीवर घ्यायला गादीची पेटी मिळाली. आमच्या माणसांना झोळीत बांधून न्यावं लागतं. पाड्यापासून खिंडीपर्यंत रस्त्याची परवानगी का नाही मिळत?"

हेमांगीने चौथी बरणी पेटीत ठेवली.

तेवढ्यात खालच्या पाड्यातून हाका आल्या. एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन चढत येत होता. नवल आणि त्याची बायको रूपलीबाई. कैऱ्यांच्या फोडी आमचूरसाठी कातळावर वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने उडू नये म्हणून फडक्यावर दगड ठेवलेला. तो उचलायला रूपलीबाईने हात घातला आणि दगडाखालून फुरशाने बोट धरलं.

हात कोपरापर्यंत सुजला होता. मनगटावर नवलने दोरी करकचून आवळली होती. "ही सोडावी लागेल, हळूहळू," मी म्हणाले. तिच्या हिरड्यांच्या कडा लाल दिसत होत्या. काचेच्या नळीत रक्त घेऊन मी ती सावलीत उभी ठेवली. वीस मिनिटांत रक्त गोठायला हवं. वेळ झाली. नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं काठाशी आलं!

रेंज वरच्या एका टेकाडावरच होती. हेमांगी धावत चढली, मी मागोमाग. रुग्णवाहिकेचा नंबर लागला. "गाडी येते, पण पेशंट डांबरी रस्त्यावर आणा," उत्तर आलं. मग तिने संस्थेच्या संचालकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"त्या बाटल्यांना हात लावू नका," संचालक म्हणाले. "त्या टीमच्या सुरक्षेसाठी आहेत. बाहेरच्या पेशंटची जबाबदारी आपली नाही. काही झालं तर संस्था अडकेल. आणि परवानगी उद्या संपतेय, निदान दहा साप तरी हवेत."

"सर, ती मरेल."

"तिला खाली न्यायला सांगा कुणाला तरी. तुम्ही कामावर लक्ष द्या."

माझं डोकं भणाणलं. कुणाला तरी! पाड्यातली धडधाकट माणसं कामासाठी गुजरातेत गेलेली. मागे म्हातारे आणि पोरं. हेमांगी एरवी माझ्याशी नीटनेटकं मराठी बोलते. त्या वेळी तिच्या तोंडून गावाकडची अहिराणी उसळली, "सांग त्या साहेबले, आठे यीसन दख म्हना!" इथे येऊन बघ म्हणावं! आणि तिने फोन बंद केला.

"बाटल्या काढ," ती मला म्हणाली. "मोहीम बंद झाली तर होऊ दे."

पळसाखाली रूपलीबाईला निजवलं. फांदीला सलाईन टांगलं. लसीची भुकटी पाण्यात विरघळवून मी दहाच्या दहा बाटल्या त्यात सोडल्या. थेंब पडू लागले, आणि थोड्याच वेळात तिच्या अंगावर लाल गांधी उठल्या. ओठ सुजले. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. लसीचीच रिअॅक्शन!

"बाई! ए बाई!" नवल माझ्याकडे बघून ओरडला.

मी सलाईन थांबवलं. मांडीत अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन टोचलं. थांबले. दुसरं भरून हातात धरलं. श्वास अडकत होता... अडकत होता... आणि मग छाती एकदम भरून आली. तिने डोळे उघडले. मी पुन्हा थेंब सुरू केले, आता अगदी सावकाश.

बाटल्या संपल्या, तरी हिरड्यांचं रक्त थांबलं नाही. इथे थांबून उपयोग नव्हता. दिलवरसिंगने बांबू तोडला, गोधडीची झोळी बांधली. पुढे नवल, मागे तो. मी सलाईनची बाटली उंच धरून शेजारी. हेमांगीच्या पाठीवर फुरशांची पेटी.

ती चढण मी जन्मात विसरणार नाही. दगड पायाखालून सुटत होते. झोळी कड्याला घासत होती. पाणी अर्ध्यातच संपलं. दुपारचं ऊन कातळातून परत अंगावर येत होतं, आणि वर पाहिलं की खिंड होती तिथेच! एका अरुंद वळणावर दिलवरसिंगचा पाय घसरला. झोळी कलली! रूपलीबाई दरीकडे सरकली! मी सलाईन दातात धरून दोन्ही हातांनी गोधडी पकडली. नवलने गुडघे टेकून बांबू तोलला. दिलवरसिंग मात्र खाली बसला होता. घोटा मुरगळला होता.

"मला वजन नाही पेलणार," तो कण्हत म्हणाला. "काठी घेऊन चढेन."

हेमांगीने बांबूकडे पाहिलं, मग पाठीवरची पेटी सोडवली. झोळी आणि पेटी दोन्ही वाहणं तिला शक्यच नव्हतं, आणि माझ्या एका हातात सलाईन, दुसऱ्यात झोळीची कड. पेटी उन्हात ठेवली असती तर साप शिजून मेले असते, आणि कुणी पोराने उघडली असती तर आणखी एक झोळी बांधावी लागली असती. वाट सोडून ती पलीकडच्या ओसाड घळीत उतरली. एकेक बरणी आकड्याने आडवी केली. चार फुरशी तिरपी तिरपी सरपटत दगडांत नाहीशी झाली. दोन वर्षं तिने या परवानगीसाठी दारं झिजवली होती! परत येऊन तिने बांबू खांद्यावर घेतला.

"चल, नवलभाऊ."

खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. रुग्णवाहिका अजून घाटाखालीच होती, म्हणून आम्ही जीपच काढली. सुजलेल्या पायाने क्लच दाबताना दिलवरसिंग दर वळणाला दात आवळत होता, पण गाडी त्याने कुठे थांबवली नाही. धडगावला तिला लसीचा दुसरा डोस मिळाला. रक्त गोठलं नाही. नंदुरबारला माझ्या वॉर्डात तिसरा. मी खुर्चीवरून हलले नाही. शहाद्याची ती तरुण बाई सारखी समोर येत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र नळी उलटी केली तरी रक्त तळाला घट्ट चिकटून राहिलं. ती नळी हातात घेऊनच मी नवलला सांगायला धावले.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. "एकही साप नाही? म्हणजे सगळी मोहीम फुकट?"

"फुकट नाही," मी म्हणाले. "हेमांगीचा संशय खरा असावा. एका बोटाच्या चाव्याला तुमच्या पुस्तकातल्या हिशेबाच्या तिप्पट लस लागली. सापाचं विष तुम्हाला बरणीतून हवं होतं ना? मग या ना, माझ्या वॉर्डात. एका बाईच्या अंगातून काय काय गेलं ते दाखवते!"

पलीकडून फोन ठेवला गेला.

चौथ्या दिवशी रूपलीबाई उशीला टेकून बसली. हेमांगी भेटायला आली, तेव्हा दिलवरसिंगने रूपलीबाईला पावरी बोलीत सगळी हकीकत सांगितली. तो सापांपाशी येताच तिचे डोळे मोठे झाले. ती मोडक्या मराठीत हेमांगीवर तुटून पडली.

"सोडले? चारही सोडले? आमच्याच डोंगरात?"

"दूरच्या घळीत, बाई. तिथे कुणी जात नाही," हेमांगी ओशाळून म्हणाली. "दुसरं काय करणार? तुम्हाला उचलायचं होतं."

रूपलीबाईने बँडेज बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"परत ये. कुठे असतात ते मी दाखवीन. पण या वेळी साप मागून. आधी त्या बाटल्या आण. पाड्यात ठेव."

हेमांगीने मान हलवली. पावसाळ्याआधीच ती संस्थेशी भांडली, नोकरी पणाला लावली. मी जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आवाज चढवला, दोनदा शिपायाने मला बाहेर काढलं. शेवटी पाड्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रात लस आली, आणि ती द्यायला एक नर्सही. दिवाळीनंतर नवी परवानगी हातात पडली, तेव्हा खिंडीत आमची वाट बघत रूपलीबाई स्वतः उभी होती. तिच्या हातात लांब काठी होती आणि पायात नवलचे जाड बूट.

"चला," ती म्हणाली, आणि आमच्यापुढे उतरू लागली.