अंगठ्याएवढा ओलावा

ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे चाखेसाहेब म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. खरं आडनाव वेगळंच, पण कामच असं की हे नाव चिकटल्याशिवाय राहतं होय! पाण्याखाली फोटो काढणाऱ्या डायव्हर लोकांच्या कॅमेऱ्यांचा विमा ही कंपनी उतरवायची. कॅमेरा भिजला की तो ज्या पेटीतून पाण्यात नेतात ती पेटी चाखेसाहेबांच्या टेबलावर यायची. ते पेटी उघडत, आतल्या पाण्यात बोट बुडवत आणि जिभेला लावत. खारट लागलं तर पेटीत पाणी समुद्रात असतानाच शिरलं, विमा लागू. गोडं लागलं तर गिऱ्हाइकाने घरी बादलीत धुताना पेटीचा खटका नीट लावला नाही, विमा गेला उडत. सव्वीस वर्षांत त्यांची जीभ एकदाही चुकली नव्हती. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. "आंघोळीच्या बादलीला घाबरणारा माणूस समुद्राचे निकाल देतो," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

नवा विमा उतरवायचा असला की आधी पेटीची परीक्षा. मागच्या खोलीत सिंकला लागून एक लाल प्लास्टिकचा टब होता, गुडघ्याएवढ्या उंचीचा. पेटीतून कॅमेरा काढायचा, त्याच्या जागी टिश्यू पेपरची घडी ठेवायची, खटके लावायचे आणि वर वजन देऊन पेटी अर्धा तास बुडवून ठेवायची. टिश्यू कोरडा निघाला तर पास. अंगठ्याएवढा ओलावा दिसला तरी नापास, तिथे दयामाया नाही. पास झाली की कॅमेरा आत घालून पाण्याखाली एक फोटो काढायचा आणि तो फाइलला लावायचा.

त्या दिवशी सकाळी टेबलावर आलेली पेटी ओळखीची होती. त्यांच्या मेहुण्याची. मेहुणा या टबाशी दहा वेळा तरी उकिडवा बसला असेल. तो टिश्यूची घडी घालायचाच नाही, होडी करायचा, पोरं वहीच्या कागदाची करतात तशी. परीक्षा झाली की ती कोरडी होडी खिशात घालून लेकीसाठी घरी न्यायचा. समुद्राचा तळ एका जागी एकदम तुटतो आणि पुढे नुसती निळाई सुरू होते, तिथे तो तीन वर्षांपूर्वी उतरला आणि वर आलाच नाही. चार दिवसांनी ही पेटी एकटीच तरंगताना सापडली. खटके बंद, आत थेंब नाही, कॅमेऱ्याचं कार्ड कोरं. तिला पास करणारी सही चाखेसाहेबांचीच होती, आणि ती सही नसती तर तो कॅमेरा घेऊन उतरलाच नसता, हे त्यांना अजून डाचत होतं.

पेटी घेऊन आली होती ती मेहुण्याची लेक, त्यांची भाची. आता ती स्वतःच डायव्हिंग शिकवत होती.

"मामा, शनिवारी त्याच जागी बोट जातेय," ती म्हणाली. "विम्याचा कागद नसेल तर क्लब कॅमेरा खाली नेऊ देत नाही."

"मग कॅमेऱ्याशिवाय जा की."

"जाऊ कशाला मग? बाबांनी शेवटी जे बघितलं ते मला त्यांच्याच काचेतून बघायचंय. ते गेले तिथपर्यंत जाऊन."

"तिथपर्यंत म्हणजे किती खोल?"

तिने पेटीच्या काचेवरून एकदा हात फिरवला. चार वाजता येते म्हणाली आणि गेली.

ती जिना उतरते न उतरते तोच बहिणीचा फोन आला. "दादा, त्या पेटीत काहीतरी खोट काढ."

"असली तर काढीनच ना."

"नसली तरी काढ. बापासारखीच हट्टी आहे, माझं ऐकत नाही. ती गेली की परत येणार नाही, मला आतून कळतंय. सव्वीस वर्षं खरं बोललास, आता एकदा माझ्यासाठी खोटं बोल."

चाखेसाहेबांनी बघतो म्हणून फोन ठेवला आणि टब भरायला नळ सोडला.

अर्ध्या तासाने पेटी उघडली तेव्हा टिश्यू ठणठणीत कोरडा होता. खोट काढायला जागाच नव्हती. पेटीच्या बाहेरून ओघळणारा एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला आणि त्यांनी तो सवयीने जिभेला लावला.

खारट.

त्यांनी टब ओतून दिला, घासला, पुन्हा भरला आणि नळाचं पाणी चाखलं. गोडं. टबातलं चाखलं, तेही गोडं. मग कॅमेरा आत घालून पेटी काच वर करून तळाशी ठेवली आणि फोटो काढला. काढताना हात कोपरापर्यंत भिजला. तो चाखला. खारट. घाम असेल असं त्यांनी स्वतःला बजावलं, पण घामाला समुद्राचा वास येत नाही.

फोटोत वरची ट्यूबलाइट आणि त्यांची हनुवटी यायला हवी होती. नेहमी तेच येतं.

फोटोत निळं होतं. इतकं निळं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली काळसर आणि वर वर उजळत गेलेलं, त्यातून उतरणाऱ्या उजेडाच्या तिरिपा, आणि फार फार वर, मसुरीच्या दाण्याएवढा एक पांढरा गोल. त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. गोलाच्या कडेवरून एक माणूस वाकला होता. चष्मा नाकावर घसरलेला. ते स्वतःच.

भीती वाटायला हवी होती. पण चाखेसाहेबांचे डोळे भरून आले. माणसं घरदार सोडून खाली का जातात, ते त्यांना त्या क्षणी कळलं. पोहता न येणाऱ्या त्यांनासुद्धा वाटलं, जावं. मग मात्र अंगावर सर्रकन काटा आला, कारण हे त्या पोरीने पाहिलं तर तिला दोरखंडाने बांधलं तरी ती थांबणार नाही. त्यांनी फोटो पुसला.

चारला ती आली.

"नापास," चाखेसाहेब म्हणाले. कान गरम झाल्याचं त्यांचं त्यांनाच कळलं.

"टिश्यू दाखव ना, मामा."

खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. कोरडा टिश्यू टेबलावरच पडलेला होता. तिने तो उचलला, गालाला लावून बघितला, आणि एकदा मामाकडे पाहिलं.

"परत कर. माझ्यासमोर."

आता इलाज नव्हता. त्यांनी नवा टिश्यू घेतला, कडेला कड जुळवून चौघडी केली, आत ठेवली. खटके लावले, तिने ओढून बघितले. वजन तिनेच ठेवलं. मग दोघं दोन स्टुलांवर बसून राहिले. एक बुडबुडाही आला नाही. खिडकीतून उन्हाचा पट्टा टबावर पडला होता, पण लाल तळ काही दिसत नव्हता. दोघंही तिकडेच बघत होते.

अर्धा तास झाला. पेटी पुसली. खटके चाखेसाहेबांनी उघडले.

आत होडी होती.

 मग भाचीने ती दोन बोटांनी अलगद उचलली. कोरडी होती, कडक. तिने ती उजेडात फिरवली.

एका टोकाला ओलं होतं. अंगठ्याएवढं.

चाखेसाहेबांनी तिथे बोट टेकलं आणि जिभेला लावलं. खारट.

"मामा," ती हळूच म्हणाली, "नापास ना?"

"नापास," ते म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा शांत, लहानपणी कोणी डोक्यावर हात ठेवून झोपवल्यावर होतो तसा. तिने तिथूनच क्लबला फोन लावला आणि शनिवारच्या बोटीवरून आपलं नाव काढायला सांगितलं.

मग ती टबाशी उकिडवी बसली, थेट बापासारखी, आणि होडी पाण्यावर सोडली.

होडी क्षणभर तरंगली. मग सरळच्या सरळ, न भिजता, न कलंडता, खाली जाऊ लागली. तिला घाई नव्हती.

दोघं वाकून बघत राहिले. टब गुडघ्याएवढाच होता. बघता बघता चाखेसाहेबांच्या पायाला मुंग्या आल्या, उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकला, तरी ती पांढरी होडी अजून खाली जाताना दिसतच होती.