नमुना क्रमांक एकोणीस

वसई स्टेशनजवळच्या बांगड्यांच्या दुकानात एक उंच, चष्मेवाला मुलगा नेलपॉलिश काढायच्या चार बाटल्या एकदम मागत होता. वर त्यातली सगळ्यात जहाल कुठली, असंही विचारत होता. मी शेजारी उभी राहून पिना निवडत होते. मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या घरचेच काय, अख्खं निर्मळ गाव सांगेल.

"चार बाटल्या लावल्यात तर नखांबरोबर बोटंही जातील," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. नखं स्वच्छ, बारीक कापलेली. "माझ्यासाठी नाहीत."

"मग जिच्यासाठी आहेत तिला सांगा."

"तिला सांगून उपयोग नाही... एका पिशवीवर वापरायच्यात."

एवढं बोलून तो गंभीरपणे पैसे देऊन निघून गेला. स्कूटी सुरू करताना माझ्या मनात आलं, दिसायला बरा आहे बिचारा, पण डोक्याचं काहीतरी बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तोच मुलगा आमच्या गाळ्यात हरेश्वरशेठच्या समोर बसलेला. टेबलावर एक पिशवी. माझी पिशवी.

हे सगळं दोन हजार तीनच्या मे महिन्यातलं. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत शेठचा गाळा होता आणि आयुष्यभर त्यांनी साड्यांच्या दुकानांना प्लास्टिकच्या पिशव्या पुरवल्या होत्या. त्या वर्षी त्यांनी वेगळंच डोक्यात घेतलं. बँकांची रोकड आणि कागदपत्रं पोचवणाऱ्या मुंबईतल्या एका कंपनीला खास पिशव्या हव्या होत्या. चोराला अडवणारी पिशवी नव्हे ती, कात्रीनं तर ती कुणीही कापेल. पण मधे कुणी हळूच उघडली आणि परत चिकटवली, तर ते पोचल्यावर दिसलंच पाहिजे, ही तिची खरी गोम. प्लास्टिकचा डिप्लोमा केलेली गाळ्यात मी एकटी, म्हणून शेठनं ते काम माझ्या गळ्यात घातलं आणि मुदत दिली दिवाळीची. पिशवी पास झाली तर डिझाइनचं टेबल कायमचं माझं. नाही झाली, तर मी परत साड्यांच्या पिशव्यांचे गठ्ठे बांधायला मोकळी.

आणि हा संकेत, त्या कंपनीचा तपासनीस. नवघरला फ्लॅटमधे राहणारा, मूळचा चिपळूणकडचा. मी पिशवी करायची आणि ह्यानं ती मागमूस न ठेवता उघडून दाखवायची, ह्याचा त्याला पगार मिळायचा.

"चार बाटल्या लागल्याच नाहीत," तो मला ओळखून म्हणाला. "एकीतच काम झालं."

माझ्या पिशवीच्या तोंडावरची चिकटपट्टी कुणी सोलली की तिच्यावर लाल अक्षरं उमटायची – 'उघडली आहे'. मराठीत, माझी हौस. ह्या माणसानं कडेनं थेंब थेंब सोडून पट्टी अलगद सोडवली होती, परत बसवली होती, आणि अक्षरांचा पत्ता नव्हता. मला इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या थेंबांनी पसरणारी शाई मी शोधली, तर त्यानं हेअर ड्रायर आणला. उष्णतेवर उपाय केला, तर गडी पट्टीला हात न लावता बाजूची शिवण फोडून इस्त्रीनं परत जोडून आला. दर गुरुवारी एक नवा नमुना घेऊन जायचा, पुढच्या गुरुवारी हरलेला परत आणायचा. आमची हेलन, गिरीजची, पिशव्यांच्या कडा जोडणाऱ्या सिलिंग मशीनवर बसते. ती म्हणायची, तेजू, तुझा पाहुणा आला बघ, घे रडून.

तपासणीच्या नियमाप्रमाणे पिशवीत काहीतरी कागद ठेवावा लागे आणि तो काय आहे ते फॉर्मवर लिहावं लागे. पहिल्या पाच-सहा वेळा मी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कोंबले. सातव्या वेळी चिडून एका चिठ्ठीवर लिहिलं – हे वाचत असाल तर तुम्ही चोर आहात. पुढच्या गुरुवारी चिठ्ठी परत आली. खाली बारीक, नीट अक्षरात उत्तर – चोराचा गुरुवारी उपास असतो. चहा चालतो. अजून कुणी विचारलेला नाही.

मला हसू आवरेना. त्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि आमच्या वाडीतली दोन वेलची केळी समोर ठेवली. त्यानं सालं नीट घडी करून कागदात गुंडाळली, जणू तीही ऑफिसात जमा करायची होती.

मग दर आठवड्याला चिठ्ठ्या सुरू झाल्या. मी लिहायचे, तो पिशवी उघडून वाचायचा, उत्तर लिहायचा. चष्मा काढल्यावर तुम्ही कसे दिसता, असं मी एकदा विचारलं. उत्तर आलं – मला माहीत नाही, काढल्यावर मला आरसा दिसत नाही. पुढच्या गुरुवारी आल्या आल्या त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बावळटासारखा भिंतीकडे बघत बसला. मी बराच वेळ बघून घेतलं. त्याला कुठे दिसत होतं...

मी शिवण पक्की केली, तर श्रावणात त्यानं पिशवी राजोडीला नेली. तिथल्या गॅब्रिएल नावाच्या ओळखीच्या मच्छीमाराच्या बर्फाच्या पेटीत रात्रभर ठेवली. गारठ्यानं गोंद कडक झाला आणि पट्टी अख्खी निघाली. पिशवी परत आली ती बोंबलांचा वास घेऊन. गाळ्यात दोन दिवस उदबत्ती लावावी लागली, आणि मला बर्फावर काही केल्या उपाय सापडेना.

तो सापडला गणपतीत. नैवेद्याला केळीचं अखंड पान हवं म्हणून आईनं मला वाडीत पिटाळलं. रात्री वारं सुटलेलं, एकही पान धड नव्हतं. त्यातल्या त्यात बरं असं एक मी आणलं, चिरा जुळवून पाटावर मांडलं. आईनं लांबूनच ओळखलं. फाटलेलं पान कितीही जुळव, दिसतं ते दिसतंच, म्हणाली. मी तिथेच थबकले. पान झाडावर असतं तेव्हा अखंड, ओढलं की शिरेशिरेवर फाटतं. माझ्या पट्टीला असे बारीक काप आधीच मारून ठेवले तर? चिकटलेली असेल तोवर अखंड, सोलायला गेलं की चिंध्या. मग खुशाल बर्फात ठेवा.

बारीक पाती घडवून घ्यायला आणि काप बसवायला महिना गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिशवी तयार झाली. मी स्वतः ती बर्फात ठेवली, तापवली, थेंब सोडले. नाही म्हणजे नाही उघडली. मी आनंदानं हेलनला मिठी मारली.

"छान झालं," ती मशीन पुसत म्हणाली. "पास झाली की तुझे गुरुवार संपले."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाच महिने मी ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते जमलं की हा माणूस यायचा बंद. त्या गुरुवारी मी चांगली पिशवी खणात ठेवली आणि जुन्या पट्टीची एक त्याच्यापुढे सरकवली. नमुना अठरा. एकच गुरुवार, मी मनाला सांगितलं. एकानं काय होतंय.

एरवी आठवडाभर घेऊन जाणारा माणूस, ही त्यानं तिथेच उघडली. माझा चहा निवायच्या आत. मग कितीतरी वेळ तो त्या सुटलेल्या पट्टीकडे बघत राहिला.

"ही तुमची नाही," तो म्हणाला.

"माझीच आहे."

"असेल. पण मन लावून केलेली नाही." त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "दिवाळी दोन आठवड्यांवर आलीय, तेजस्वी. तुमच्या शेठची मुदत मलाही माहीत आहे."

इतके दिवस मॅडम म्हणायचा. पहिल्यांदा नाव घेतलं ते असं, बोल लावताना. तो गेल्यावर मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि डोळे लाल दिसतील म्हणून परत परत धुतलं.

पुढच्या गुरुवारी मी मुकाट्यानं खणातली पिशवी काढून दिली. नमुना क्रमांक एकोणीस. त्यानं पट्टीवरून हळूच बोट फिरवलं... एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं. नेहमीप्रमाणे मी चिठ्ठी पुढे केली, तर म्हणाला, या वेळी कागद माझा. माझ्याकडे पाठ करून त्यानं काहीतरी लिहिलं, घडी घातली, आत टाकली आणि पिशवी बंद केली. फॉर्मवर आतली वस्तू लिहायच्या जागी लिहिलं – एक चिठ्ठी, खासगी. शेठनं ते मोठ्यानं वाचलं, आणि हेलनला तोंडाला रुमाल लावून बाहेर जावं लागलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो त्याच्या साहेबांना घेऊन आला. पिशवी जशीच्या तशी होती, फक्त एका कडेला पट्टीच्या चिंध्या झालेल्या आणि त्यांवर माझी लाल अक्षरं. एवढंच जमलं होतं त्यांना. आतपर्यंत पोचायला तिच्या तोंडाच्या चिंध्या कराव्या लागल्या असत्या, आणि मग लपवायचं काय उरलं? पास झाली. शेठनं पेढे वाटले. साहेबांनी त्याच पिशवीवर आडवी सही केली, शेठनं केली, आणि ठरलेल्या पद्धतीप्रमाणे ती मंजूर नमुना म्हणून शेठच्या लोखंडी कपाटात गेली. इथून पुढे प्रत्येक खेप त्याच्याशी ताडून बघायची. तो उघडला तर मंजुरी रद्द.

म्हणजे माझ्या नावची चिठ्ठी कपाटात, माझ्याच पिशवीत, आणि तिला हात लावायची मला बंदी. संकेतनं कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अभिनंदन म्हणाला, आणि गेला.

टेबल माझं झालं. ऑर्डर आली. गुरुवारही येत होते, रिकामे. एका दुपारी शेठ जेवायला गेल्यावर मी पिशवी काढून ट्यूबलाइटसमोर धरली. काही दिसेना. आतलं दिसता कामा नये म्हणून जाड प्लास्टिकचा हट्ट मीच धरला होता. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तीन गुरुवार काढले. चौथ्या गुरुवारी कंपनीला फोन लावला आणि त्याला फोनवर बोलावून घेतलं.

"नमुना एकोणीसबद्दल तक्रार आहे," मी म्हटलं.

पलीकडून हळूच, "काय तक्रार?"

"आतली वस्तू जिची तिला पोचलेली नाही."

"मग... प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल."

"आमच्या निर्मळची जत्रा सुरू आहे. रविवारी या पाहणीला."

तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मिठाईच्या दुकानांवरून, पाळण्यांवरून आम्ही तळ्याच्या काठाला आलो. वाटेत आई भेटली; आमच्या ह्या हंसाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मुलगा काय करतो, तिनं मला बाजूला घेऊन विचारलं. लोकांच्या पिशव्या गुपचूप उघडतो, मी सांगून टाकलं. बिचारी दोन दिवस जेवली नाही नीट.

काठावर तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"चिठ्ठीत काय आहे ते तोंडी सांगितलं तर चालेल?"

"सांगून बघा."

"तुम्ही मला आवडता. लग्न कराल का, असं विचारलंय."

अशा वेळीही माझं तोंड कुठे गप्प बसतंय. "तेच लिहिलंय कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवा."

"विश्वासावर भागत असतं तर मला ही नोकरीच लागली नसती."

त्याचा चेहरा इतका पडला की माझं मलाच वाईट वाटलं. मी त्याच्या हातातला चष्मा घेतला आणि त्याच्या डोळ्यांवर बसवला. मला नीट दिसायला हवं होतं की त्याला दिसतंय.

"आत्ता हो म्हणते," मी म्हटलं. "चिठ्ठी मिळाल्यावर ताडून घेईन. फरक निघाला तर बघा."

दीड वर्षानं कंपनीनं पिशवीचा आकार बदलला. नवा नमुना मंजूर झाला, जुना रद्द. शेठ आमच्या लग्नात आले आणि आहेराच्या पाकिटाबरोबर त्यांनी एकोणीस नंबर माझ्या हातात ठेवला. हेलननं कुठूनशी कात्री पैदा केली. मी नको म्हटलं. शालूचा पदर खोचला आणि सगळ्यांसमोर पट्टी हातानं ओढली. चिंध्या चिंध्या झाल्या, खाली लाल अक्षरं उमटली – 'उघडली आहे'.

चिठ्ठी तशीच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी वाचली.

'तेजस्वी, मागच्या गुरुवारची पिशवी तुम्ही मुद्दाम कच्ची दिलीत, हे मला तेव्हाच कळलं. का दिलीत, हे कळायला रविवार उजाडला. आजच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि समजलं, ही माझ्याच्यानं उघडणार नाही. म्हणजे यापुढे मला इथे यायला काही कारण नाही. हे तुम्हाला वाचायला मिळणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. कारण नसताना आलो तर चालेल?'

'आवडता' नाही, 'लग्न' नाही, जत्रेत सांगितलेल्यातलं अक्षर नाही. मी वर बघितलं. नवरदेव मुंडावळ्यांआडून चोरासारखे बघत होते.

"लबाड आहेस तू," मी म्हटलं. "फरक निघाला."

"मग? मंजुरी रद्द?"

मी चिठ्ठी घडी करून हिरव्या चुड्याच्या आत सरकवली. हेलनच्या पर्समधून पेन मागून घेतलं, मग वाटलं, आता लिहायचं कशाला.

"चालेल," मी त्याला म्हटलं. "ये."