डाव्या हाताचं सारवण

शाळा तुम्ही बंद केलीत. नाव घेत नाही, पण त्या दिवशी शिक्षण मंडळाच्या सभेत खुर्च्यांवर कोण होतं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. चहाचे कप हातात होते, वड्यांची बशी फिरत होती, आणि मधल्याच कुठल्या तरी विषयाला तुम्ही 'मंजूर' म्हणून टाकलंत. शेवरखार गावची चौथीपर्यंतची शाळा, पट कमी म्हणून, रस्त्यापलीकडच्या सेक्टरातल्या नव्या तीन मजली शाळेत विलीन. किलोमीटरभरात दुसरी शाळा आहे का, एवढंच बघायचं होतं. तुम्ही नकाशावर पट्टी ठेवलीत आणि 'आहे' म्हणालात. नकाशा जुना होता. बंदराकडे जाणारा कंटेनरचा रस्ता त्यावर नव्हताच.

सत्त्याण्णवच्या दिवाळीची सुट्टी संपली आणि शेवरखारची पोरं तो रस्ता ओलांडून नव्या शाळेत जायला लागली. पहिल्याच आठवड्यात सखू घरतची मुलगी पुतळा रस्त्याच्या मधोमध ट्रेलरखाली गेली. तिसरीत होती. ट्रेलरवाला थांबलासुद्धा नाही. पुढच्या सभेत तुम्ही उभे राहून श्रद्धांजली वाहिलीत, हे खरं. मग खाली बसलात आणि कामकाज पुढे घेतलंत. शेवरखारची रिकामी इमारत पाडून जागा मोकळी करायची होती. त्याआधी अधिकाऱ्याचा अभिप्राय हवा होता.

ते काम वैदेही रेडकरकडे आलं.

वैदेही तुमच्याच मंडळाची विस्तार अधिकारी. माहेर मालवणकडचं, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी ऐकून ऐकून लहानपणीच कंटाळलेली. नेरूळला फ्लॅट, नवरा बँकेत, स्वतः स्कूटरवर फिरणारी. जानेवारीत एका दुपारी ती शेवरखारला गेली. बरोबर मालतीबाई होत्या. त्या जुन्या शाळेच्या शिक्षिका, आता नव्या शाळेत गेलेल्या. खाडीचा बांध, पलीकडे तिवरं, सोडून दिलेली मिठागरं, वाऱ्यावर तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा औषधी उग्र वास. बांधाच्या पोटाशी दोन खोल्यांची कौलारू शाळा. कुलूप सुट्टीपासून कुणी उघडलेलं नव्हतं. गंजून गेलं होतं, तेल घालून किल्ली फिरवावी लागली.

मालतीबाईंनी उंबऱ्याशी चपला काढल्या.

"अहो बाई, बंद शाळा आहे," वैदेही हसून म्हणाली.

"सवय हो मॅडम. जातेय होय इतक्यात?"

दार ढकललं आणि आतून ओल्या शेणाचा वास आला.

अख्खा वर्ग नुकताच सारवलेला होता. ओली जमीन चकाकत होती. बोटांचे अर्धगोल, एकाला लागून एक, माशाच्या खवल्यांसारखे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दर शनिवारी शाळा सुटताना मुलगे शेण आणायचे आणि पाळी असेल त्या मुली वर्ग सारवायच्या, ही इथली जुनी रीत. पण शाळा बंद होती.

मालतीबाईंनी उंबऱ्याशीच वाकून एका खवल्यावरून हवेतच बोट फिरवलं.

"पुतळाचा हात आहे हा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डावरी होती ती. बाकीच्यांचे खवले उजवीकडे वळायचे, हिचे डावीकडे. मी चिडवायचे तिला, तुझा मासा उलटा पोहतो गं. तर म्हणायची, बाई, तो घरी चाललाय." त्यांनी पदराने डोळे टिपले.

"गावात आणखी कुणी डावरं असेल."

"असेल की. पण आत कुठून आलं?"

वैदेहीने शाळेला वळसा घातला. खिडक्यांचे गज एकेक हलवून पाहिले. कौलं जाग्यावर होती. ती परत दाराशी आली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. सारवणारा माणूस मागे मागे सरकतो. लांबच्या भिंतीपासून सुरुवात करतो, शेवटचा हात उंबऱ्याशी फिरवतो आणि बाहेर पडतो. इथे पहिला हात उंबऱ्याशी होता. खवले आत आत गेले होते, फळ्याखालच्या कोपऱ्यापर्यंत. त्या कोपऱ्यात एक तुकडा कोरडा राहिला होता. लहान मूल उकिडवं बसेल एवढाच.

दोघी आत गेल्या नाहीत. वैदेहीने दार ओढून घेतलं. आत कुणी निजलं असताना ओढतात तसं, हलकेच.

तिने नवं कुलूप आणलं, स्वतःच्या हाताने लाखेचं सील लावलं. गावातलं कुणीतरी करत असणार, तिने स्वतःला सांगितलं. पुढे एक शनिवार गाठून ती एकटीच गेली. सील जसंच्या तसं होतं. मागच्या खिडकीपाशी सखू उभी होती, गजांना कपाळ लावून आतल्या कोपऱ्याशी बोलत होती.

"बस गो बाय. सुकं पत्तुर हलू नको. पाय उमटतील."

वैदेही जवळ गेली. "सखूताई, कुणाशी बोलताय?"

"माजे पोरीशी." सखू दचकलीसुद्धा नाही. "तुमी बोलाल, ही येरी जाली, डोका फिरला हिचा. जाली तर जाली. ओला हाय ना मॅडम, मंग तिला भायेर येता येत नाय. ओल्या सारवनावर पाय नाय द्यायचा, बाईंनी शिकवलाय तिला. आनि सुकाला लागला का परत सारवते. घाबरते रस्त्याला."

"तुम्ही आत गेला होतात का?"

"कशी जानार? कुलूप तुमचा हाय." मग तिने वैदेहीचा हात धरला. "शाला उघरा ना मॅडम. बाकीची पोरा येतील, कालवा करतील, ती बी त्यांच्यात बसंल. ती पोरा तरी रस्त्यावं नको मराला."

वैदेहीने गजांतून आत पाहिलं. ओली जमीन. कोपऱ्यातला कोरडा तुकडा.

बघता बघता त्या तुकड्याच्या कडेला एक ओला खवला उमटला. डावीकडे वळलेला.

तिने अभिप्राय दिला: रस्ता जीवघेणा आहे, शाळा आहे तिथेच पुन्हा सुरू करावी. सभेत तो वाचून झाला. मग तुमच्यापैकी एकाने विचारलं, "ते राहू द्या. इमारत रिकामी आहे ना मॅडम? हो की नाही?"

'हो' म्हणणं सोपं होतं. नोकरी होती, फ्लॅटचे हप्ते होते.

"नाही," वैदेही म्हणाली.

"कोण आहे?"

"पुतळा आहे."

तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत. मग अध्यक्ष म्हणाले, "चला, म्हणजे पट एकाने वाढला!" आणि तुम्ही हसलात. पोट धरून हसलात. त्याच हसण्यात विचारलं गेलं, मंजूर? त्याच हसण्यात उत्तर आलं, मंजूर.

पाडायला दुपार पुरली. कौलं गेली, भिंती गेल्या. राहिली फक्त जमीन, उघड्यावर. इतके दिवस जिला ऊन लागलं नव्हतं तिला ऊन लागलं. सारवण पांढुरकं पडलं, पोपडे धरू लागलं. सखू कडेला बसून होती. तिन्हीसांजेला तिने जमिनीवर तळहात टेकवून पाहिला.

"सुकला गो," ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली. "निघ आता."

सभेत हरल्यापासून वैदेही ऑफिसच्या आधी शेवरखारला जाते. पोरं एकमेकांचे हात धरून रांग करतात, मालतीबाई पुढे हात वर करून ट्रेलर थांबवतात, वैदेही सगळ्यात मागे. शाळा पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही सगळे तसेच निघाले. तिच्या डाव्या हातात शेवटच्या पोराचा हात होता. उजवा मोकळा होता.

डांबरावर पाय ठेवला आणि त्या मोकळ्या हातात एक हात आला.

लहान होता. गार होता. घाबरलेली पोरं धरतात तसा घट्ट.

वैदेहीने खाली पाहिलं नाही. तिनेही तो घट्ट धरला. "चल," ती म्हणाली, "मी आहे."

रस्त्याच्या मधोमध तो हात सुटला.

तेव्हापासून रोज सकाळी असंच होतं. वैदेहीने मुठीत गच्च आवळून पाहिला, पोरांच्या मधोमध घेऊन पाहिला, त्याच्याशी बोलत बोलत नेऊन पाहिला. मध्यावर मूठ रिकामी होते. नव्या शाळेत मालतीबाईंनी पहिल्या बाकाचं टोक राखून ठेवलंय, तिथे अजून कुणी बसलेलं नाही.

गावातली शाळा तुम्ही पाडलीत. पलीकडच्या शाळेपर्यंत पुतळा पोचत नाही. उद्या सकाळी तो हात पुन्हा येणार आहे. त्याला कुठे न्यायचं?

हसून झालं असेल तर उत्तर द्या.