आईच्या अंगणावरचा फ्लॅट

शनिवारी दुपारी नेत्साई खच्चून भरलेल्या कॉम्बी व्हॅनमधून मेबलरेनच्या दुकानांपाशी उतरली आणि पायीच निघाली. रस्ता विचारायची गरज नव्हती. हरारेच्या या भागात सगळी बैठी घरं. प्रत्येकाला अंगण, कुंपणाची भिंत, भिंतीवरून बाहेर डोकावणारा एखादा आंबा. तिचं बालपण यातल्याच एका घरात गेलं होतं. आता त्या जागी तीन मजली इमारत उभी होती. सगळ्या गल्लीत एकटीच, दुसऱ्यांच्या लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखी अवघडलेली. तिच्यातला एक फ्लॅट घ्यायचा की नाही, हे नेत्साईला आज ठरवायचं होतं.

आई या जागेवरच्या घरातच वारली. वर्षभराने रीतीप्रमाणे तिच्या आत्म्याला घरी आणलं. एरवी गावाकडच्या घरी आणतात, पण आईने जिवंतपणीच बजावलं होतं, "गाव तुमच्या बापाचं. मला माझ्या ओट्यावर आणा." तो ओटा ती गुडघ्यांवर बसून लाल पॉलिशने घासायची, इतका की त्यात पोरांना आपले दात दिसायचे. तसं आणलं तिला. आणि पुढच्या हिवाळ्यात थोरल्या भावाने, ओनियासने, इंग्लंडहून फोनवरूनच घर विकून टाकलं. माणसं निघाली, सामान निघालं. आईला कुणी सांगितलंच नाही.

"शहराबाहेर नॉर्टनला जमिनीचा तुकडा घे," एपिफानिया आत्या सकाळीच फोनवर म्हणाली होती. "चार कोंबड्या पाळ. हवेत टांगलेल्या खोलीत म्हातारपण काढणार आहेस का?"

"आत्या, आई तिथे एकटी आहे."

"असेल. पण तू तिथे तिला हाक मारू नकोस. पितरांशी बोलणं आम्हा आत्यांचं काम."

फ्लॅट दाखवणारा ट्रायमोर फाटकापाशीच उभा होता. पायात टोकदार बूट, तोंडात अखंड बडबड. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडत तो म्हणाला, "मावशी, बैठ्या घरांचे दिवस गेले. इथे गवत कापायला नको, की भिंतीवरून चोर येण्याची भीती नको."

"आणि भाजी कुठे लावू?"

"बाल्कनीत. डब्यात."

"डब्यात! माझ्या आईने ऐकलं असतं ना, तर तुलाच डब्यात लावून पाणी घातलं असतं."

ट्रायमोर खदखदून हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय हं, मावशी. आजच काय ते सांगा," असं म्हणत तो बोलत बोलत जिना उतरून गेला.

नेत्साई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. उन्हं कलली होती. शेजारच्या घराचं पत्र्याचं छप्पर तिला पहिल्यांदाच वरून दिसलं. शेजाऱ्यांचे पेरू पाडताना एखादा त्या छपरावर पडला की धाडकन आवाज व्हायचा आणि ती नि ओनियास पळत सुटायचे. आई मागून ओरडायची, पण पेरू आणलेच तर पहिला स्वतःच खायची. नेत्साईला हसू आलं.

मग वीज गेली. पाण्याचा पंप थांबला, फ्रिज थांबले, सगळी इमारत गप्प झाली.

त्या शांततेत तिला तडतड ऐकू आली. अगदी हळू. कढईत शेंगदाणे भाजताना साली फुटतात तशी. मागोमाग वास आला, किंचित करपलेला, गोडसर. आईचे दाणे नेहमी थोडे करपायचेच. ती गप्पांत रमायची आणि कढई विसरायची.

स्वयंपाकाचा ओटा कोरा होता. शेगडी अजून बसवलेलीच नव्हती.

"आई...?"

तडतड थांबली. कुणीतरी कान देऊन ऐकतंय, अशी.

नेत्साई भीतीने मागे सरायला हवी होती. पण किती वर्षांनी ती घरात उभी होती! ती फरशीवर गुडघे टेकून बसली, आणि पितरांपुढे वाजवतात तशा, दोन्ही तळवे खोलगट करून तिने हळूच टाळ्या वाजवल्या. पितरांपुढे ठेवायला तपकीर नव्हती, ओतायला बिअर नव्हती. पिशवीत पाण्याची बाटली होती, तिच्यातलं थोडं पाणी तिने खाली ओतलं.

"आम्ही न सांगता गेलो... चुकलं आमचं. मी घेते हे घर. ये, माझ्याजवळ राहा."

पाणी फरशीवर पसरलं नाही. ते मातीत मुरावं तसं मुरलं. गुळगुळीत पांढरी फरशी, आणि पाण्याचा थेंब नाही.

खाली जाऊन तिने ट्रायमोरला हो सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आत्याला कळलं, तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "आम्ही जमिनीवर ओततो, पोरी. जमीन आपली माणसं ओळखते. तू हवेत उभी राहून 'ये' म्हणालीस. हवेत... कोण कोण फिरत असतं."

"आत्या, दाण्यांचा वास आला मला. करपलेला."

"दाणे काय जगात एकटी तुझी आईच भाजायची?"

नेत्साईने ते मनावर घेतलं नाही. महिनाअखेर ती राहायला आली आणि खरंच सुखात होती. पहाटे जाग यायची ती त्या वासाने. रात्री पालथा घातलेला कप सकाळी उताणा असायचा, चहाची वाट बघत. ती दोन कप भरायची आणि ओनियासच्या कागाळ्या सांगायची. एकटेपण असं नाहीसं झालं, की तिला आत्याचीच कीव यायची.

एका रविवारी, दुपारचं जेवण उरकून ती बाहेरच्या खोलीत वाटाणे सोलत बसली होती. वरच्या मजल्यावरची पनाशेची आई आली. रीतीची बाई, दाराला हात न लावता बाहेरूनच तिने हाक घातली, "आहे का कुणी घरात?"

नेत्साईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याआधीच स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं, "या... आत या."

पनाशेची आई हसतच आत आली. "अगं बाई, पाहुणे आलेत होय? सांगायचं नाहीस का?"

नेत्साईच्या हातातला वाटाणा हातातच राहिला. आवाज पुरुषाचा होता. म्हातारा, दमलेला, फार लांबून चालत आलेल्या माणसाचा. तिच्या वडिलांचा नव्हे. असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

"नेत्साई," तो आवाज म्हणाला, या वेळी जरा जवळून, "पाहुणीला खुर्ची दे."

आणि नेत्साईने उठून खुर्ची दिली.