पाणी दिसेल तिथवर

अंबरनाथला समुद्र नाही. तरीही पुष्करने तिथल्या एमआयडीसीत, आपल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये, शिडाची पोलादी बोट बांधली. शिडं उल्हासनगरच्या एका जीन्स शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतली. लोक बघायला यायचे, हसायचे आणि चहा पिऊन जायचे. बोटीवर यायला मात्र एकच माणूस तयार झाला, तो म्हणजे बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला सुदाम. मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून आयुष्य काढून तो नुकताच निवृत्त झाला होता.

मुंबईहून ओमानचं सलाला बंदर, मग एडनच्या आखातातून जिबूती, आणि तिथून विमानाने घरी, एवढाच त्याचा शब्द होता. सुनेला दिवस गेले होते. मुलगा जितेश जन्मला तेव्हा सुदाम ब्राझीलच्या बंदरात साखर भरत होता, ती बोच अजून गेली नव्हती. नातवंड हातात घ्यायचं आणि समुद्राला कायमचा रामराम ठोकायचा, हे त्याने पक्कं केलं होतं.

वाद एकाच गोष्टीवरून पेटला.

"मी पिस्तूल घेणार," पुष्कर म्हणाला. "चाचे आले तर काय हात जोडून उभं राहायचं?"

"हो, हात जोडायचे. आपल्या हातात बंदूक दिसली की समोरचा आधी गोळी घालतो. त्याला तुझी बोट हवी असते रे, तुझा जीव नको असतो. शिवाय प्रत्येक बंदरात कस्टमवाल्यांना कागद दाखवत बसशील तो वेगळाच ताप."

"सुदाम, तू घाबरट आहेस."

"म्हणून तर जिवंत आहे."

निघण्यापूर्वी सुदाम खरवईला विठाआत्याच्या पाया पडायला गेला. चहूबाजूंनी टॉवर उठले होते, तरी आत्याने भातशेतीचा एक तुकडा विकला नव्हता. त्याच्या बांधावर शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड होता. हा त्यांचा राखणदार. प्रवासाला जाणाऱ्याने त्याच्याकडे राखण मागायची, अशी घरातली रीत होती.

"बंदूक नको म्हणतोस, मग ह्याला तरी ने," आत्या म्हणाली. "शीव सांग त्याला. कुठपासून कुठवर राखायचं? शीव आली का तो मोकला व्हतो, आपल्या जागेवर येऊन बसतो."

सुदामला हसू आलं. "समुद्राला कसला बांध गं आत्या? पाणी दिसेल तिथवर म्हण. कुणाला जवळ म्हणून येऊ देऊ नको म्हणावं."

आत्याचा चेहरा उतरला. "थट्टा नको करू रं पोरा. तोंडातनं गेलं का गेलं."

बोट चांगली धावली. पुष्करने जीव ओतून बांधली होती, जीन्सवाल्याची शिवणही कुठे उसवली नाही. फक्त समुद्रपक्षी बोटीवर बसत नव्हते. घिरट्या घालायचे आणि निघून जायचे. कोळ्यांच्या होड्या एरवी सिगारेट मागायला हमखास जवळ येतात. त्या अर्ध्या वाटेवर थांबायच्या, मग वळायच्या.

"आपल्याला वास येतो का रे?" पुष्करने विचारलं.

"तुला येतो," सुदाम म्हणाला. पण त्यालाही ते खटकलं होतं.

एडनच्या आखातात, भर दुपारी, त्या आल्या. दोन लांबट होड्या, मागे दणकट इंजिनं. पुष्कर खाली धावला आणि वर आला तो पिस्तूल घेऊनच. शेवटी त्याने लपवून आणलंच होतं.

"ठेव खाली! ते दिसलं की मेलो आपण."

पुष्कर कठड्याआड मटकन बसला. सुदाम एकटाच रिकामे तळवे पुढे करून उभा राहिला. त्याला नातवंड आठवलं, अजून न पाहिलेलं.

होडी इतकी जवळ आली की पुढच्या पोऱ्याच्या बंदुकीचा पट्टा सुतळीने बांधलेला दिसला.

पोऱ्याने बंदूक उचलली.

मग त्याची नजर सुदामच्या चेहऱ्यावरून सुटली. खांद्यावरून मागे गेली. वर गेली, आणखी वर.

त्याने एक हात छातीशी नेला. हळू आवाजात काहीतरी म्हणाला. दोन्ही होड्या मागे सरकू लागल्या. एकानेही पाठ वळवली नाही.

सुदामने मागे पाहिलं. शीड होतं, आकाश होतं.

पुष्करने पिस्तूल पाण्यात टाकलं. जिबूतीला सुदामने घरचं विमान पकडलं.

सुदाम घरी आला तो तापाने फणफणतच. दोनच दिवसांपूर्वी वांगणीला, सुनेच्या माहेरी, नातू झाला होता. अंगात ताप असताना बाळाजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण सुदाम खूश होता. जीव वाचला होता, आणखी काय हवं? त्याची बायको संजीवनी तेवढी कुरकुरत होती. भांडी घासणारी द्रौपदी मोरीत त्याला हात धुताना पाहून अर्धी भांडी टाकून गेली होती, ती परत फिरकलीच नव्हती.

ताप उतरताच तो नारळ घेऊन खरवईला गेला. बांधावर दगड नव्हता. त्याच्या जागी ओला खळगा होता.

"तू गेलास तसा तोही गेला," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तुझ्यासंगं परत येईल. पण शीव कुठं दिलीस तू? पाणी काय कुठं संपतं का?"

"येईल गं. माझा जीव राखलाय त्याने. आयुष्यभर विसरणार नाही." सुदामने खळग्यापुढे डोकं टेकलं आणि मनापासून नारळ फोडला.

पाणी सांडलं. आत्या चटकन मागे सरकली. ती सुदामच्या खांद्यावरून वर बघत होती.

त्या दिवसापासून सुदाम पाण्याकडे नीट बघू लागला. मोरीतलं पाणी, नारळाचं पाणी; पाणी दिसेल तिथवर, असं तोच तर म्हणाला होता. घरातल्या संजीवनीला काहीच दिसत नव्हतं; दिसायचं ते बाहेरून जवळ येणाऱ्याला.

सून प्रतिभा बाळाला घेऊन सासरी यायच्या दिवशी त्याने बादल्या उपड्या घातल्या, पिंप झाकलं. संजीवनी ओवाळायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघाली, तेव्हा त्याने तिच्या हातातला तांब्या काढून मोरीत रिकामा केला.

"अहो, पाण्याशिवाय कसं ओवाळायचं?"

"नुसता भाकरतुकडा ओवाळ. ऐक माझं."

प्रतिभा दारात आली. सुदाम श्वास रोखून उभा होता. संजीवनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. प्रतिभा हसत उंबरा ओलांडून आत आली, सरळ त्याच्यापर्यंत. काहीच झालं नाही.

"घ्या आबा," ती म्हणाली. "तुमचा नातू."

बाळ हातात आलं. ऊबदार, पावडरच्या वासाचं, मूठ घट्ट मिटलेलं. त्या दुपारी गोळी सुटली असती तर हे वजन त्याला कधी कळलंच नसतं. वाचवलंस रे बाबा, तो मनात म्हणाला. तुझे उपकार कसे फेडू?

त्याचे डोळे भरून आले.

प्रतिभाचं हसू थांबलं. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सुटली, खांद्यावरून मागे गेली, छतापर्यंत वर गेली.

तिने बाळ हलकेच काढून घेतलं, छातीशी धरलं. आणि पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत, उंबऱ्याबाहेर गेली.

सुदाम डोळे पुसत राहिला. पाणी थांबत नव्हतं.