घासून काढलेलं नाव

"थांबा. आहात तिथेच थांबा. हलू नका."

दुकानात पाऊल टाकताच असं स्वागत होईल, असं तिला वाटलं नव्हतं. बाहेर भुरभुर पाऊस होता. एकुलती एक छत्री तिनं सबंध रस्ताभर धनुष्यावर धरली होती. त्यामुळे धनुष्य कोरडं आणि ती मात्र निथळत होती.

कामाच्या टेबलामागून एक उंच तरुण पुढे आला... झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरावं तसा, पावलांचा आवाज न करता. धनुष्य दुरुस्त करणारा तो हाच असणार. त्यानं ते तिच्या हातातून अलगद घेतलं, पायात अडकवून वाकवलं, दोरी उतरवली आणि मगच श्वास सोडला.

"दोरी कुणी चढवली?"

"मी. म्हणजे... नुसतं कसं आणायचं, म्हणून. का?"

"उलटी चढवलीत. हे ज्या बाजूला आपणहून वाकतं, त्याच्या विरुद्ध वाकवायचं असतं. सगळा जोर तिथंच असतो."

"चित्रात असंच दिसतं."

"चित्रातल्या धनुष्यानं कुणी नेम धरत नाही."

"मोडलं का?"

"नाही."

"नक्की? तडा वगैरे? आतून?"

त्यानं धनुष्य खिडकीशी नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाला, "नक्की." तो शब्द त्यानं असा उच्चारला, की तिला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. ही गोष्ट तिच्या बाबतीत नवीनच होती.

धनुष्य तिच्या बाबांचं. मधाच्या रंगाचं, लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेलं, स्पर्धेत नेम धरायचं जुनं धनुष्य. त्यावर कुठेच नाव नव्हतं. बाबा सांगत, त्या काळच्या सगळ्यात मोठ्या कारागिरानं खास माझ्यासाठी बनवलं. मामा म्हणे, कसलं खास, टाकाऊ माल. दर वाढदिवसाला ताट वाढलं की हा वाद ठरलेला, आणि हल्ली हल्ली बाबा हसून गप्प बसत. ते गप्प बसणं तिला सलत होतं. येत्या रविवारी बाबांना साठ वर्षं पूर्ण होणार होती.

"कुणी बनवलं ते कळेल ना?"

"कळलं की सांगेन. अंदाज मी सांगत नाही."

मग ती येत राहिली. कधी लाकडाचं काय झालं म्हणून, कधी दोरीचं. टेबलावर दुसरा कप कधीपासून दिसायला लागला, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

"बाही दुमडा. त्या यंत्रात अडकेल."

त्यानं निमूटपणे दुमडली. "घरी सगळ्यांनाच असं सांगता?"

"घरी मला काळजीवाहू सरकार म्हणतात."

"बहुमत आहे?"

"असतं तर काळजीवाहू कशाला राहिले असते?"

तो हसला. ती पटकन धनुष्याकडे बघायला लागली.

शनिवारी सकाळी त्यानं दिवा तिरका धरला. "इथे बघा. मुठीच्या वर."

ती वाकली. दोघांची डोकी जवळ आली... लाकडावर अंगठ्याएवढा उथळ खळगा होता. एरवी कधी दिसलाच नसता.

"इथे कारागिराचा शिक्का होता. घासून काढलाय." तो जरा थांबला. "वरचं पातं, म्हणजे धनुष्याचा हा वरचा अर्धा भाग, जन्मतःच किंचित पिळलेलं आहे. असा माल विकताना काहीजण आपलं नाव काढून टाकतात."

म्हणजे मामा खरा.

"पण अजून एक आहे—"

तिनं ऐकलंच नाही. डोळ्यांसमोर उद्याचं, वाढदिवसाच्या जेवणाचं टेबल होतं. "तुम्ही एका चिठ्ठीवर नाव लिहून द्या. कुठल्याही मोठ्या कारागिराचं. कुणाचं काय जातंय?"

"मला नाही जमणार."

"माझ्या बाबांसाठीसुद्धा?"

"तुमच्यासाठीसुद्धा नाही."

ती तडक निघाली. अर्ध्या वाटेवर तिला ते 'तुमच्यासाठीसुद्धा' आठवलं, आणि ती रस्त्यातच थबकली.

संध्याकाळी भर पावसात, छत्री धनुष्यावर धरून, तो ते पोचवायला घरी आला. दोरी सुलटी चढवलेली होती. दार बाबांनीच उघडलं.

"काय निदान, मास्तर?"

ती धावत बाहेर आली. नको... असं डोळ्यांनी म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यानंच त्याचा चेहरा पार उतरला. पण बोलला तो खरंच.

"शिक्का होता, घासलाय. वरचं पातं पिळलेलं आहे."

बाबांनी धनुष्य हातात घेतलं.

"पण टोकाची खाच, दोरी बसते ती, एका बाजूनं खोल केलीये. बारीक पॉलिश पेपरनं, थोडी थोडी, कितीतरी दिवस. म्हणून दोरी बरोबर मधोमध येते. बनवलं कुणी ते नाही सांगता येणार. पण सरळ ज्यानं केलं, त्याचा हात फार चांगला आहे. मला असं जमलं नसतं."

बाबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मीच केलं ते," ते हळूच म्हणाले. "एक अख्खा उन्हाळा गेला."

"आणि मला सांगितलंत, खास बनवून घेतलं म्हणून," आतून आईचा आवाज आला.

"तुला माहीत होतं?" बाबांनी वळून विचारलं.

"लग्नाआधीच. माझ्या भावाच्या पोटात काही राहतं का?" आई हात पुसत दारात आली. "म्हटलं, एका पिळलेल्या लाकडाशी हा माणूस एवढा धीर धरतो, तर माझ्याशीही धरेल."

बाबांनी घसा खाकरला. मग त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. "मी खोटं बोलून बायको मिळवली, मास्तर. तुम्ही फारच अवघड रस्ता धरलाय. उद्या जेवायला या, आणि मेव्हण्यासमोर हे परत सांगा. खाचेपासून सुरुवात करा."

ती फाटकापर्यंत त्याच्या मागोमाग गेली. पाऊस थांबला होता. पागोळ्या तेवढ्या टपटपत होत्या.

"रागावलात?"

"सकाळी रागावले होते. आता नाही. 'तुमच्यासाठीसुद्धा' म्हणालात. 'सुद्धा' का?"

तो बराच वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिला. "अंदाज मी सांगत नाही," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता."

तिनं सवयीनं मनात एखादं 'पण', एखादं 'तर' शोधून पाहिलं. एकही सापडेना.

"तुझी छत्री आत राहिली," ती म्हणाली.

'तुझी' ऐकून त्याचा हात कडीवरच थांबला.

"राहिली... की मुद्दाम ठेवलीस?" तिनं विचारलं.

"खरं सांगू?"

"तुला दुसरं येतं तरी काय?"