विजयमाला घरी आहे

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. घाटंजीत जमीरभाईच्या कॉम्प्युटर सेंटरवर मी कामाला जात होते. काम सोपं होतं. कुठल्यातरी दूरच्या शहरातला एक कॉम्प्युटर इंटरनेटवरचा मजकूर सतत वाचायचा अन् त्यातून जे समजलं त्याची लहान लहान वाक्यं करायचा. ‘महागाव तालुक्याचं गाव आहे.’ ‘कापूस हे पीक आहे.’ आपण नुसतं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. बरोबर म्हटलेलं तो खरं धरायचा अन् त्यावरून पुढचं शिकायचा.

माय जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या दुखण्यातली जागरणं अजून अंगात मुरलेली होती. बसल्या जागी डोळे मिटायचे.

त्या दुपारी कूलर बंद होता. खिडकीला लावलेल्या ओल्या चादरीचा कुबट वास खोलीभर साचला होता. पडद्यावर वाक्य आलं, ‘विजयमाला मैत्रेयीची आई आहे.’

मैत्रेयी मीच. अन् विजयमाला माझी माय. असतील दुसऱ्या कोणी, म्हणून पुढे गेले. लगेच दुसरं आलं, ‘विजयमाला घरी आहे.’

वाक्य कुठल्या पानावरून घेतलं ते खाली दिसायचं. मी ते पान उघडलं. कोरं होतं.

“जमीरभाई, हे कुठं वाचलं असंल यानं?”

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. “कोणीतरी लिहिलं असंल. मनानं नाही सांगत ते.”

“माह्या मायबद्दल कोण लिहीन? तिले तर सहीपुरतंच येत होतं...”

“चूक दाब. अन् लवकर घरी जा आज. चेहरा पाह्य कसा झाला तुहा.”

चूक म्हटलेलं वाक्य कधी परत येत नसे. हे आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मग हळूच बदललं. ‘विजयमाला घरीच आहे. तिले झोप नाही लागून राह्यली.’

आजवर पुस्तकी बोलणारं ते यंत्र... भीती वाटायला हवी होती. पण मी इतकी दमले होते, की मी ‘बरोबर’ दाबलं.

दिवस कलताना घरी पोचले. बाबा अंगणात बाजेवर बसले होते.

“आत काहून नाही बसले?”

“दार उघडत नाही, बाई. मी तं नुसतं लोटलं होतं.”

आमच्या घराला एकच दार. ढकलून पाहिलं. कडी आतून लागलेली.

“आत कोण आहे, बाबा?”

“कोण राहीन? आपण दोघंच तं...”

मी दाराला कान लावला. आत कोणीतरी पाय ओढत, भिंतीचा आधार घेत, सावकाश जवळ येत होतं. मग कडी निघाली.

दार लोटलं, तर घरात कोणी नव्हतं. गुंडाळून ठेवलेलं मायचं अंथरूण तेवढं कोपऱ्यात नीट पसरलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ते काम सोडलं. झोपताना आता आम्ही दाराला कडी लावत नाही. सकाळी मात्र ती आतून लागलेली असते. बाबा म्हणतात, तूच लावली असशील. मी म्हणते, तुम्ही.